सातवाले, दहावाले आणि आमचं शेवटचं खाचर

आमच्या फ्रिजच्या दारावर कायम एक कागद असतो. जुलैत त्यावर भाताच्या लावणीच्या आठवड्याची कामं असतात: कोणाचं खाचर कधी, भाकऱ्या कोणत्या घरातून, टिलरचं डिझेल, चहाचं मोठं पातेलं, चिखल्यांचं मलम. झालेल्या कामावर रेघ मारली की मला बरं वाटतं. खालापूरला एका शाळेचं ऑफिस सांभाळते मी, आणि भिवपुरीच्या वीजघरात पाळीवर जाणाऱ्या माणसाचा संसारही सांभाळते. कागदाशिवाय दोन्ही जमलं नसतं.

आधुनिक काळातला सर्वांत मोठा फुटबॉलपटू कोण, हा विषय मात्र माझ्या कागदावर कधीच नव्हता. तो आळीत आपोआप आला आणि मुक्कामालाच राहिला.

त्या दोन खेळाडूंची नावं आमच्याकडे कोणी घेत नाही, जशी पूर्वी बायका नवऱ्याचं नाव घेत नसत. पाठीवरच्या आकड्यावरून एक सात आणि एक दहा. माझा धाकटा दीर दहावाला. चाळिशीचा, कारखान्यात नोकरीला, गावच्या पावसाळी फुटबॉल टीमचा कप्तान. मी लग्न होऊन आले तेव्हा तो शाळेत होता, म्हणून अजून त्याला 'तू' म्हणते. आमचे शेजारी सातवाले. पन्नाशीला टेकलेले, गावातल्या एकमेव चालू पॉवर टिलरचे मालक. मी त्यांना भावोजी म्हणते. त्याच टीममधून ते वर्षानुवर्षं सात नंबरचा शर्ट घालून खेळत आले. दोघांच्या घरांमध्ये एक कुंपण आहे आणि त्यालाही दोन्हीकडून वाट आहे.

वाद संध्याकाळी शेजाऱ्यांच्या पडवीत चाले, आणि आळीतली पोरंही सात-दहात वाटली गेली होती. मी चहा घेऊन बसायचे, कारण तिथून आमच्या चुलीवरचं दिसतं.

"तुझा दहा मैदानात धावतो तरी का रं?" भावोजी विचारायचे. "बाजारला आल्यावानी फिरतो नुसता."

"दादा, मांजर उंदरामागं आधीपासून पळत सुटतं का? बघत बसतं. मंग एकदाच."

"मांजरच हाय. माझा वाघ हाय. अंग बघ त्याचं! या वयात!"

"अंग जिममदलं. दहाला देवानं दिलंय."

"तेच सांगतोय बारक्या! तुझ्याला फुकट भेटलं, माझ्यानं कमावलं. बापाचं शेत खानारा मोठा का घाम गाळून शेत घेनारा मोठा?"

यावर माझी जाऊ, म्हणजे या दहावाल्याची बायको, कुंपणापलीकडून म्हणायची, "बापाचं शेत खातंय कोन ते आमी रोज बघतोय." मग सगळे हसायचे आणि वाद दुसऱ्या दिवसावर जायचा. मला या वादाचा काही त्रास नव्हता. जुलै येईपर्यंत नव्हता.

आमच्या आळीत चार घरांची सावड आहे. लावणीला मजूर शोधत फिरायचं नाही; आज चारही घरं तुझ्या खाचरात, उद्या चारही घरं माझ्या. आमच्या आणि शेजाऱ्यांच्या घराची सावड तर दोघांच्या वडलांपासूनची. चिखलणी भावोजींच्या टिलरने होते, पुरुष रोपांच्या मुठी वाहतात, बायका लावतात. कोणाचं खाचर कधी, हा क्रम मी ठरवते. त्या वर्षी आमचं शेवटी ठेवलं होतं, कारण मला सुटी शनिवारीच होती आणि आपल्या खाचरात आपण नाही हे मला चालत नाही.

शेवटी राहण्यात एकच धोका असतो. रोपं थांबत नाहीत. राबात, म्हणजे रोपांच्या वाफ्यात, ती जास्त वाढली की बुडाशी गाठ धरतात, मग कितीही नीट लावा, फुटवा यायचा तसा येत नाही. आमची रोपं त्या आठवड्यात हिरवीगार, उंच आणि अगदी काठावर होती. रोज ऑफिसला जाताना मी राबापाशी थांबायचे आणि एक रोप उपटून बघायचे.

आणि नेमक्या त्याच जुलैत दोन मोठ्या स्पर्धा एकाच वेळी चालू होत्या. एकीत सात खेळत होता, दुसरीत दहा. जगाच्या दोन टोकांना. सातचा सामना मध्यरात्रीनंतर सुरू व्हायचा, दहाचा पहाटे. त्याचा हिशेब असा झाला, की सातवाले सकाळी खाचरात जांभया देत यायचे आणि दहावाले यायचेच उशिरा. एक पोरगा मुठी वाहता वाहता बांधावर उभ्या उभ्या डुलकी घेताना मी स्वतः पाहिला. दोन्ही बाजूंना मी सांगून पाहिलं, की सामना नंतर मोबाइलवर बघता येतो. दोन्ही बाजूंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी लग्न लागल्यावर अक्षता टाकायला सांगते आहे.

गुरुवारी शेजाऱ्यांच्या खाचराची पाळी होती; बाकी दोन घरांची आधीच उरकली होती. मी ऑफिसात होते. काय घडलं ते जावेने आणि शेजारणीने, दोघींनी वेगवेगळं येऊन सांगितलं, आणि दोघींचं जुळलं म्हणून मी ते खरं धरते.

दीर त्या दिवशी पहाटेचा सामना पूर्ण बघून, न्याहारी करून, ऊन वर आल्यावर खाचरात पोचला. भावोजींनी तोवर एकट्याने चिखलणी उरकली होती. आदल्या रात्री सातचा सामना हरलेला, त्यामुळे झोप नाही आणि मनही ठिकाणावर नाही.

"या, या, दहा नंबर!" ते म्हणाले. "मालकाच्या शेतात पावनं आलं. चा आनू का?"

"जळू नको दादा. माझा जिंकून आला, तुझा घरी गेला."

"घरी गेला तरी पूरा वेळ पळाला. तुझ्यासारका नाय."

"पळाला म्हनं! म्हातारा झाला तो आता. वय झालं की बाहेर बसावं मानसानं, पोरांची जागा अडवू नये. तो काय आन तू काय, दोगांनाबी समजत नाय."

जाऊ म्हणाली, चिखलात सगळे एकदम उभे राहिले. कारण 'तू काय' हे फुटबॉलचं नव्हतं. महिनाभरापूर्वी लोधिवलीकडच्या एका स्पर्धेसाठी टीम निवडली होती आणि कप्तानाने भावोजींना बाहेर ठेवलं होतं. यंदा पोरांना खेळवू, एवढंच तेव्हा बोलला होता. भावोजीही "बरं हाय" म्हणाले होते. ते तेव्हापासून पोटात राहिलं होतं, आणि पडवीतला रोजचा वाद त्यावरचं झाकण होता.

भावोजींनी पुढची मूठ उचलली. स्वतःचं खाचर लावून होईपर्यंत थांबले, मग टिलर धुतला, टेंपोत चढवला आणि म्हणाले, "सावड झाली माजी. पुडच्या वर्षी म्हाताऱ्याचा टिलर कुनी मागू नका."

पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी. माझं खाचर परवावर होतं, आणि त्या आठवड्यात तालुक्यात दुसरा टिलर मोकळा मिळणं म्हणजे गणपतीच्या आदल्या दिवशी शिंप्याकडे कापड टाकणं. तरी शुक्रवारी मी ऑफिसच्या जेवणाच्या सुटीत चार फोन लावले. एकाने पुढचा बुधवार सांगितला, बाकीचे हसले.

संध्याकाळी मी शेजाऱ्यांकडे गेले. पडवी रिकामी होती. भावोजी मागच्या दारी दगडावर बसून खेळायचे बूट घासत होते. टीममध्ये नसलेला माणूस पावसाळ्यात बूट घासत होता. मी सरळ कामाचं बोलले.

"भावोजी, शनिवारी चिखलणी."

"वहिनी, तुमचा राग नाय. पन त्याच्या खाचरात मी पाय टाकनार नाय."

"खाचर त्याचं एकट्याचं नाही. वाटणी झालेली नाही. अर्धं माझं आहे."

"मंग अर्ध्यात चिकल करून देतो."

मला वाटलं ते चेष्टा करतायत. तोंडावर तसं काही नव्हतं. शेजारीण दारातून म्हणाली, "सावडीचा फेरा चालू असताना मोडायची नसती, तुमच्या आईनंच सांगितलेलं. फेरा पुरा करा, मंग काय ते फुगून बसा वरीसभर."

त्यांनी दुसरा बूट घासायला घेतला. मग म्हणाले, "येतो. पन बोलनार नाय त्याच्याशी."

"बोलायचं काम कागदावर नाहीच आहे," मी म्हटलं.

अर्ध्याची गोष्ट मात्र माझ्या डोक्यात राहिली. घरी येऊन मी जावेला सांगितलं, की खाचराच्या मधोमध दोरी बांधू; वरची बाजू सातवाल्यांची, खालची दहावाल्यांची. समोरासमोर यायला नको, म्हणून. जावेने ते ऐकलं, तवा उतरवला आणि म्हणाली, "ताई, मंग लावनीबी त्यांनाच करू दे. आमी बायका मुठी बांधून देऊ. रोज मोठा कोन, मोठा कोन करतात. वाकून दाखवा म्हनावं."

मला हे अजिबात पसंत नव्हतं. बायका लावतात त्या वेगाने पुरुष लावत नाहीत. आमच्या आळीत पुरुषांनी लावणी केलेली मी पाहिलीच नव्हती. एका दिवसात झालं नाही तर रविवार, आणि रविवारी नवऱ्याची पाळी, माझी आठवड्याची कामं. पण चार घरांच्या बायकांमध्ये ही बातमी रात्रीतच पोचली होती. सकाळी सगळ्या राबात बसून रोपं उपटत होत्या आणि एकीचीही उठायची तयारी नव्हती.

"आज आमी प्रेक्षक," शेजारणीने जाहीर केलं.

भावोजींनी दोन्ही बाजूंना चिखलणी केली. अर्धी करून थांबले नाहीत. टिलर मधल्या दोरीपाशी आला तेव्हा क्षणभर थबकले, मग पोराला दोरी उचलायला लावून पलीकडे गेले. दीर बांधावर उभा होता. दोघांनी एकमेकांकडे न बघायची फार मेहनत घेतली.

मग लावणी सुरू झाली आणि बांधावर जो गोंधळ झाला, तसा मी आमच्या शेतात कधी ऐकला नाही. बायका मुठी बांधून खाचरात फेकत होत्या आणि सोबत तोंड चालू होतं.

"दहा नंबरनं कंबर धरली! बगा, परत धरली!"

"सात नंबर एकटाच फुडं पळतोय गं! पोरं मागं राह्यली!"

"तसाच हाय त्यो. कुनाला पास देत नाय!"

"आन हा दहा बग, एक रोप लावतो आन उभा राहून बगतो, किती झाक लावलं म्हनून!"

गंमत अशी की हे खरंच होतं. भावोजी भराभर लावत होते. लहानपणी आईबरोबर लावणी केलेला माणूस, हात विसरले नव्हते. पण त्यांची ओळ पाटाच्या पाण्यासारखी वळत जायची आणि मागून येणारी पोरं ते वळण आणखी वाढवायची. दिराने मात्र ओळ सरळ यावी म्हणून मांडणीची दोरी धरली होती. त्याच्या ओळी वहीतल्या रेघांसारख्या सरळ, रोपं सारख्या अंतरावर, आणि वेग मुंगीचा. मी बांधावरून दोन्हीकडे फिरत होते. एका बाजूला "ओळ बघा" आणि दुसऱ्या बाजूला "आभाळ बघा" एवढंच ओरडत होते.

भाकरी खाऊन झाली तेव्हा वरची बाजू बरीचशी संपली होती. खालची निम्म्यालाही आली नव्हती. दहावाली पोरं आता वाकत कमी आणि पाठ धरत जास्त होती. मी राबाकडे पाहिलं. उपटलेल्या मुठी पाण्यात पडून होत्या. उपटलेलं रोप रात्रभर ठेवायचं नाही, हे माझ्या सासूने मला पहिल्या वर्षी शिकवलेलं. मी पदर खोचला. जाऊही उठली.

तेवढ्यात भावोजींचं शेवटचं रोप लागलं. त्यांनी पाटात हातपाय धुतले, कप घेऊन टिलरवर जाऊन बसले. त्यांचं काम झालं होतं. शब्द दिला तो पुरा केला होता. टिलर चालू करून ते गेले असते तर मला एक अक्षर बोलता आलं नसतं. खाली दीर दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून उभा होता. सरळही होता येत नव्हतं आणि वाकताही येत नव्हतं.

भावोजींनी चहा संपवला. कप बांधावर ठेवला. चार मुठी काखेत मारल्या आणि दोरी ओलांडून खालच्या चिखलात उतरले.

बायका गप्प झाल्या. हे त्यांच्याकडून त्या दिवशी पहिल्यांदाच घडलं.

"दादा," दीर म्हणाला, "ही दहाची बाजू हाय."

"दिसतंय. म्हनून तर राह्यलीय."

"परवा मी जे बोल्लो..."

"बोलू नको, लाव. आन जरा सरक. म्हाताऱ्या मानसाला वाकायला जागा लागती."

दीर सरकला. थोडं लावून भावोजींनी मागे पाहिलं, दिराच्या ओळीकडे. मग स्वतःच्या ओळीकडे. त्यांनी मांडणीची दोरी उचलली आणि आपल्या पुढ्यात ताणली. ते पाहून वरची पोरं एकेक करून खाली उतरली. मग आम्ही बायकाही उतरलो, कारण प्रेक्षक म्हणून बसायला आता काही उरलं नव्हतं. त्यानंतर खाचर कसं संपलं ते मला सांगता यायचं नाही. कोण सात, कोण दहा, चिखलात सगळे एकाच रंगाचे. दिवे लागायच्या आत शेवटची मूठ लागली.

घरी निघायच्या आधी ते दोघं बांधावर बसले. मी पातेली गोळा करत होते, त्यामुळे ऐकू आलं.

"सातचा शर्ट कुनाला दिलास?"

"कुनाला नाय."

"का रं?"

"पोरांना मोठा होतो."

"माज्या पोटावर जाऊ नको. सरळ बोल."

दिराने पायाचा चिखल खरवडला. "पयल्या हाफला बसायचं तुला. पोरं पळतील."

"दुसऱ्या हाफला उतरनार."

"चालंल."

"पेनल्टी मी मारनार."

"पेनल्टी नाय."

"मंग टिलर नाय."

"वहिनी!" दीर माझ्याकडे वळून ओरडला. "ऐकताय ना? हा ब्लॅकमेल हाय!"

मी म्हटलं, पातेली उचला दोघांनी, पेनल्टीचं नंतर ठरवा.

लोधिवलीच्या सामन्यात भावोजी दुसऱ्या हाफला उतरले आणि त्यांना पेनल्टी मिळालीही. चेंडू गोलवरून शेजारच्या भातात गेला. मैदान ओलं होतं, असं ते सांगतात. दीर सांगतो, दहा असता तर ओल्यातही गेला असता आत. म्हणजे पडवी पुन्हा भरली होती.

खरी मजा पुढे झाली. खाचराची वरची बाजू सातची आणि खालची दहाची, हे दोघंही विसरायला तयार नव्हते. ज्या बाजूचं भात जास्त येईल तिचा खेळाडू मोठा, असं पोरांनी परस्पर ठरवून टाकलं. त्यानंतर माझ्या खाचराला जी सेवा मिळाली ती गावात कुणाच्या खाचराला मिळाली नसेल. दीर कामावरून येताना खालच्या बाजूला युरियाच्या गोळ्या खोचून यायचा. भावोजी स्वतःच्या शेतातलं तण राहू देऊन वरच्या बाजूची बेणणी करायचे. बेणणी आणि खत ही माझ्या कागदावरची दोन कामं होती. मी काही न करता त्यांवर रेघ मारली, आणि मला अजिबात वाईट वाटलं नाही.

कापणीला पुन्हा चारही घरं आली. वरचे भारे वेगळे, खालचे भारे वेगळे, अशी सक्त सूचना होती. दोन्ही बाजूंचे पंच नेमलेले होते. झोडणीच्या दिवशी सकाळी ते पंच, कप्तान आणि टिलरमालक असे सगळे खळ्यावर पोचले, तेव्हा तिथे सगळ्या भाऱ्यांचं एकच उडवं रचलेलं होतं. भलं मोठं, गोल, कडेने नीट लावलेलं.

"कोनी केलं हे?" दीर ओरडला. "यात सातचं कुठलं आन दहाचं कुठलं?"

"मी केलं," जाऊ म्हणाली. तिने कमरेला पदर खोचलेला होता आणि चेहरा अगदी साधा होता. "पाऊस येल असं वाटलं. घाईत मिसळलं."

आभाळात ढगाचा तुकडाही नव्हता. भावोजींनी वर पाहिलं, उडव्याकडे पाहिलं, मग दिराच्या खांद्यावर हात ठेवला.

"बारक्या, वरचंच जास्त होतं. माज्या नजरेनं मोजलंय मी."

"नजरेनं? पेनल्टीबी नजरेनंच मारलेली ना, दादा?"

आणि दोघं भारे उचलत, एकमेकांवर ओरडत कामाला लागले. जावेने माझ्याकडे पाहून एक भुवई उचलली. मला ते नंतर कळलं, पण कळलं: वाद निकाली निघाला असता तर पडवी रिकामी पडली असती, आणि रिकाम्या पडवीत काय होतं ते आम्ही जुलैत पाहिलं होतं.

भात चांगलं आलं. सगळं मिळून.

सावडीचा क्रम अजून मीच लावते. त्यात एकच बदल केला आहे. राब पेरायच्या आधी मी दिराकडून सामन्यांचं वेळापत्रक मागवून घेते आणि ते फ्रिजवर, लावणीच्या कागदाशेजारी लावते. पहाटेच्या सामन्याच्या दिवशी आमच्या आळीत कोणाचंही खाचर नसतं.